मुलांना पोहायला घालताय? आधी तलावाचं पाणी ओळखायला शिका

एप्रिल उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक तरी प्रश्न येतो : "मुलीला पोहायला घालायचंय, पाणी चांगलं असतं का?" उत्तरं ठरलेली असतात. "एकदम निळंशार आहे." "क्लोरिनचा वास येतो ना, मग झालं." "आमची मुलं दोन वर्षं जाताहेत, काही झालं नाही." ही तिन्ही उत्तरं मीही कधीकाळी दिलेली आहेत.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तीन कुटुंबं एका रिसॉर्टला गेलो होतो. पाणी निळं होतं, तळ दिसत होता. लहान मुलांचा उथळ तलाव वेगळा होता आणि उन्हानं त्याचं पाणी कोमट झालं होतं. मुलं दोन दिवस त्यातून बाहेर आली नाहीत. घरी आल्यावर आठवड्याभरानं माझ्या सहा वर्षांच्या मुलाला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, मग दुसऱ्या घरातल्या दोघांना. औषधं झाली, पथ्य झालं, तरी थांबेनात. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "गेल्या दहा-पंधरा दिवसांत कुठे पोहायला गेला होतात का?" शौचाच्या खास तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापडला. मुलगा बरा झाला, पण त्याला जवळजवळ दोन आठवडे लागले.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. सोसायटीच्या तलाव समितीत गेले, पाणी तपासायला शिकले, ऑपरेटर काकांबरोबर पंप रूममध्ये उभी राहिले. जे कळलं ते पहिल्यांदाच मुलांना पाण्यात सोडणाऱ्या आई-बाबांसाठी इथे क्रमानं लिहितेय. पोहणं बंद करा असं मला मुळीच सांगायचं नाही. प्रत्येक मुलाला पोहता आलंच पाहिजे.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या : क्लोरिनला वेळ लागतो

आपल्याला वाटतं, पाण्यात क्लोरिन आहे म्हणजे जंतू पडला की मेला. तसं होत नाही. पाण्यात १ पीपीएम, म्हणजे एका लिटरला १ मिलिग्रॅम मोकळा (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरिन आहे, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे हे सांगणारा आकडा) ७.५ आहे आणि पाणी २५ अंश सेल्सिअस आहे असं धरा. अशा व्यवस्थित राखलेल्या पाण्यात जुलाब करणारा ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो. कावीळ करणाऱ्या हिपॅटायटिस ए विषाणूला साधारण १६ मिनिटं लागतात. जिआर्डिया या परजीवीला ४५ मिनिटं. आणि क्रिप्टोस्पोरिडियमला सुमारे १५,३०० मिनिटं, म्हणजे साडेदहा दिवसांहून जास्त!

याचं कारण त्याच्या कवचात आहे. तो शरीराबाहेर पडतो तो जाड कवचाच्या, चार ते सहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोळीसारखा. क्लोरिन त्या कवचातून सहज आत शिरत नाही, आणि आकार इतका बारीक की नेहमीच्या सँड फिल्टरमधूनही तो बऱ्याच प्रमाणात निसटतो. आजारी मुलाच्या एका जुलाबातून असे कोट्यवधी बाहेर पडू शकतात, आणि दुसऱ्या मुलाला आजारी पाडायला पोटात दहा गेले तरी पुरतात.

म्हणजे क्लोरिन हवाच, त्याला पर्याय नाही. पण जंतू पाण्यात पडल्यापासून मरेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात तुमचं मूल तिथेच डुंबत असतं. त्या मिनिटांत दोनच गोष्टी आपल्या हातात उरतात : घाण पाण्यात जाऊ न देणं आणि पाणी मुलाच्या पोटात जाऊ न देणं. पुढच्या बहुतेक पायऱ्या या दोन गोष्टींच्याच आहेत.

पायरी १ : फी भरण्याआधी तलाव पाहून या

शिबिराचा फॉर्म भरण्याआधी एक चक्कर मारा. गर्दीच्या वेळी जा, सकाळच्या पहिल्या बॅचला नको. सहा वाजता सगळेच तलाव सुंदर दिसतात. संध्याकाळी पाचच्या बॅचनंतर कसा दिसतो ते बघा.

खोल बाजूला उभं राहून तळातली जाळी स्पष्ट दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर तिथून परत फिरा. गढूळ पाण्यात जंतूंचं तर सोडाच, तळाला गेलेलं मूलही जीवरक्षकाला दिसणार नाही. मग खाली वाकून पाण्याच्या रेषेजवळच्या फरशीवरून बोट फिरवा. फरशी बुळबुळीत लागली तर तिथे जंतूंचा थर धरलाय आणि क्लोरिन कमी पडतोय. पंपाचा आवाज येतोय का, पाणी आत येणाऱ्या तोटीपाशी हात धरला तर प्रवाह जाणवतो का, हेही बघा. साठलेलं आणि फिरणारं पाणी यांत फार फरक असतो.

आता वासाबद्दल. नाकाला झोंबणारा "स्विमिंग पूलचा वास" म्हणजे स्वच्छतेची खूण, हा गैरसमज घराघरांत आहे. नीट राखलेल्या पाण्याला वास फारसा येतच नाही. लघवी, घाम, तेल यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात, आणि तो उग्र वास त्यांचा असतो. डोळे लाल होणं, खोकला येणं हेही बरंचसं त्यांच्यामुळेच. दाराशीच वास आला तर क्लोरिनचा बराच भाग घाणीशी लढण्यात खर्ची पडलाय असं समजा.

मग ऑपरेटरला किंवा व्यवस्थापकाला तीन गोष्टी विचारा : आज क्लोरिन किती आहे, पीएच किती आहे आणि शेवटचं कधी मोजलं? चांगल्या ठिकाणी या तिन्हींची उत्तरं फळ्यावर, आजच्या तारखेसह लिहिलेली असतात. "रोज टाकतो आम्ही पावडर" हे उत्तर नव्हे. किती टाकलं याला महत्त्व नाही, पाण्यात आत्ता किती उरलंय याला आहे. आणि लहान मुलांच्या उथळ तलावाचे आकडे वेगळे मागा, त्याचा फिल्टर वेगळा आहे का तेही विचारा. पाणी थोडं, उन्हात लवकर तापणारं, आणि त्यात लंगोटातली मुलं : सगळ्यात जास्त धोका त्याच पाण्याला असतो, आणि सगळ्यात कमी लक्षही त्याच्याकडेच असतं.

पायरी २ : आकडे वाचायला शिका

यासाठी रसायनशास्त्र यायला हवं असं नाही. मोकळा क्लोरिन १ ते ३ पीपीएमच्या दरम्यान हवा, आणि पीएच ७.२ ते ७.८.

पीएच इतका महत्त्वाचा का? पाण्यातल्या क्लोरिनचा जो भाग खरोखर जंतू मारतो, तो पीएच वाढला की भराभर कमी होतो. पीएच ७.५ ला जवळपास निम्मा क्लोरिन कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव. फळ्यावर "क्लोरिन २" लिहिलंय पण पीएच ८.२ असेल, तर तो २ नावापुरता आहे.

तपासणीची पेटी स्वस्त असते आणि ती घरी असावी असं माझं स्पष्ट मत आहे. मी कडेला गुडघ्यावर बसते, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, तोटीपासून लांबचं पाणी छोट्या नळीत खुणेपर्यंत भरून घेते. वरवरचं पाणी घेत नाही, कारण उन्हानं तिथला क्लोरिन उडालेला असतो. मग द्रावणाचे थेंब टाकायचे, झाकण लावून उलटसुलट करायचं आणि पांढऱ्या कागदासमोर धरून पेटीवरच्या रंगपट्टीशी जुळवायचं. गावाकडच्यांना हे नवं वाटणार नाही. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतात, पाणी पिवळं होतं, ते हेच. फक्त एक लक्षात ठेवा : हे पिवळं द्रावण एकूण क्लोरिन दाखवतं, म्हणजे त्यात खर्ची पडलेला क्लोरिनही मोजला जातो. मोकळा क्लोरिन वेगळा कळायला हवा तर गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळी वापरा. थोडी महाग पडते, पण खरी माहिती ती देते. क्लोरिन खूपच जास्त असेल, १० पीपीएमच्या वर, तर हा गुलाबी रंग उमटून लगेच उडून जातो आणि "काहीच नाही" असं वाटतं. रंग क्षणभर चमकून गेला तर पाण्यात उतरू नका.

समितीत असलेल्यांसाठी थोडं जास्तीचं. उन्हात साधा क्लोरिन काही तासांत बहुतेक उडून जातो, म्हणून उघड्या तलावात सकाळी एकदाच मोजून भागत नाही. निदान दुपारी आणि संध्याकाळच्या बॅचआधी मोजलंच पाहिजे, सुट्टीच्या गर्दीत तर तासातासाला. टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल, क्लोरिन देणारं एक रसायन) गोळ्या किंवा पावडर वापरत असाल तर त्यातून सायन्युरिक आम्ल पाण्यात साठत जातं. ते क्लोरिनला उन्हापासून वाचवतं, पण त्याची मारक शक्ती मंदही करतं. म्हणून अशा तलावात मोकळा क्लोरिन किमान २ पीपीएम ठेवायचा. हे आम्ल फार साठलं तर थोडं पाणी काढून नवं भरणं हाच व्यवहार्य उपाय. आणि टीसीसीए, ब्लीचिंग पावडर, पीएच उतरवायचं आम्ल ही तीन कधीही एकमेकांच्या संपर्कात येऊ देऊ नका. एकाच मापानं दोन्ही पावडरी काढणंही जिवावर बेतू शकतं, आग लागते, विषारी वायू सुटतो. पंप रूमला कुलूप असावं, आणि मुलांनी तिकडे फिरकू नये.

पायरी ३ : कोणत्या दिवशी न्यायचं नाही, हे आधीच ठरवा

सगळ्या लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा.

मुलाला जुलाब होत असतील तर पोहणं बंद. एकदाच झाला, आता बरं वाटतंय, शिबिराचे पैसे भरलेत, उद्या स्पर्धा आहे : यातलं कुठलंही कारण चालत नाही. मला ही ओढ कळते, महिन्याची फी काही थोडी नसते. पण पोहताना मुलाच्या अंगाला चिकटलेले, डोळ्याला न दिसणारे कण पाण्यात धुतले जातात, आणि तेवढे पुरतात. साधे जुलाब थांबल्यावर निदान ४८ तास थांबा. क्रिप्टोस्पोरिडियम निघाला असेल तर जुलाब थांबल्यापासून पूर्ण १४ दिवस, कारण मूल ठणठणीत दिसत असतानाही शौचातून तो बाहेर पडत राहतो.

डोळे आले असतील, कानातून पाणी किंवा पू येत असेल, उघडी जखम असेल तरी नेऊ नका. अंगावर मोत्यासारखे चमकदार बारीक फोड, म्हणजे मोलस्कम, असतील तर पोहणं बंदच करायला हवं असं नाही. पाणी न शिरणाऱ्या पट्टीनं ते झाका आणि टॉवेल मात्र कुणाशीही वाटून घेऊ देऊ नका.

पायरी ४ : उतरण्याआधी एक मिनिट शॉवर

आपल्याकडे शॉवरखाली डोकं घातल्यासारखं करून मुलं पाण्यात पळतात. एक मिनिट म्हणजे खरंच साठ आकडे मोजा. तेवढ्यात घाम, धूळ, अंगावरचा बराचसा मळ निघून जातो. लहान मुलांचं बूड घरून निघतानाच साबणानं धुवा.

तेलाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. रंग काळवंडू नये, केस खराब होऊ नयेत म्हणून पोहायला जाण्याआधी अंगभर खोबरेल चोपडण्याची पद्धत घराघरांत आहे. आजी प्रेमानं लावते. पण ते तेल पाण्यावर तवंग धरतं, क्लोरिन खातं आणि फिल्टरमधल्या वाळूला चिकटतं. त्याऐवजी केस साध्या पाण्यानं निथळेपर्यंत भिजवा, मग टोपी घाला. भिजलेले केस तलावाचं पाणी कमी शोषतात. तेल घरी आल्यावर, अंघोळीनंतर हवं तेवढं लावा.

सुती बनियन, घरातली लेगिंग्ज घालून पाण्यात उतरवू नका. सुती कापडाचे तंतू, साबणाचा अंश, दिवसभराचा घाम सगळं पाण्यात जातं. कॉस्च्यूम नायलॉनचाच असावा आणि तो घरून घालून येण्यापेक्षा तिथेच बदलावा.

पायरी ५ : पाणी न गिळण्याचा सराव घरी करा

४५ मिनिटांच्या पोहण्यात मोठी माणसं सरासरी १६ मिलिलिटर पाणी गिळतात आणि मुलं ३७ मिलिलिटर, असं पाहणीत आढळलं आहे. औषधाच्या १० मिलीच्या झाकणानं मोजलं तर जवळपास चार झाकणं. नवशिकं मूल याहूनही जास्त गिळू शकतं.

"पाणी पिऊ नको हं" असं नुसतं सांगून उपयोग होत नाही. गिळायचं नाही हे त्याला ठाऊक असतं, पण पाणी तोंडात आल्यावर काय करायचं हे ठाऊक नसतं. आम्ही घरी मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन आठवडाभर सराव केला. तोंड बुडवायचं, नाकानं "हंऽऽऽ" करत बुडबुडे काढायचे, डोकं वर काढून तोंडानं श्वास घ्यायचा. मग दुसरा खेळ : तोंडात पाणी घ्यायचं आणि न गिळता बेसिनमध्ये थुंकायचं. तिसऱ्या दिवशी मुलगी स्वतःहून "आई, आलं होतं तोंडात, थुंकलं!" असं सांगायला लागली. तलावात थुंकायचं ते बाजूच्या पन्हळीत, पाण्यात नाही, हेही तेव्हाच शिकवून टाका.

तोंडात पाणी भरून एकमेकांवर चूळ उडवण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. तो मात्र ठामपणे बंद करा. आणि प्यायच्या पाण्याची बाटली काठावर ठेवा. उन्हात तासभर खेळून घसा कोरडा पडलेलं मूल आजूबाजूच्या पाण्याचा घोट घेतंच.

पायरी ६ : सू-शीची वेळ मुलावर सोपवू नका

खेळात रमलेलं मूल सांगत नाही. दर अर्ध्या-पाऊण तासानं, लागली असो वा नसो, बाहेर काढा आणि स्वच्छतागृहात घेऊन जा. परत येताना हात साबणानं, आणि पुन्हा एकदा अंगावर पाणी.

पोहण्याचे वेगळे डायपर मिळतात. ते घट्ट शी जेमतेम अडवतात. पातळ शी आणि जंतू अडवत नाहीत. त्यामुळे डायपर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, दर अर्ध्या तासानं बघा, आणि तो बदलायचा तर तलावाच्या काठावर नको, स्वच्छतागृहातच बदला. भरपेट खाऊ घालून लगेच पाण्यात सोडणंही टाळा, उलटी झाली तर तीही पाण्यातच जाते.

पायरी ७ : पाण्यात शी झालीच, तर?

होतं असं. लहान मुलं आहेत. दुर्दैवानं आपल्याकडे अशा वेळी आई-बाप शरमेनं मूल उचलतात आणि गुपचूप निघून जातात, कारण सगळे वळून बघतात, बोलतात. कृपा करून सांगा. आणि दुसऱ्याचं मूल असेल तर त्याच्या आईला टोमणा मारू नका; आज तिला बोललात तर उद्या कुणीच सांगणार नाही.

सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढायचं. शी घट्ट असेल तर ती जाळीनं काढून संडासात टाकायची, व्हॅक्यूमनं ओढायची नाही. मग मोकळा क्लोरिन २ पीपीएमवर आणि पीएच ७.५ किंवा त्याखाली ठेवून २५ मिनिटं थांबायचं. उलटीसाठीही हेच. जाळीसुद्धा त्या वेळात पाण्यातच बुडवून ठेवायची, म्हणजे तीही निर्जंतुक होते.

जुलाब असेल तर गोष्ट वेगळी. तिथे क्रिप्टोस्पोरिडियम आहे असं धरूनच चालायचं. क्लोरिन २० पीपीएमवर नेऊन १२ तास ४५ मिनिटं राखायचा, आणि हे ज्या पाण्यात सायन्युरिक आम्ल नाही त्याचं गणित आहे. टीसीसीएवर चालणाऱ्या तलावात आधी पाणी बदलून ते आम्ल १५ पीपीएमपर्यंत तरी खाली आणावं लागतं, आणि मग २८ तास लागतात. शेवटी फिल्टरचा बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट्या प्रवाहानं तो धुवायचा, आणि ते पाणी गटारात सोडायचं, परत तलावात नाही. म्हणजे तलाव एक-दोन दिवस बंद ठेवावाच लागतो. "थोडी जास्त पावडर टाकली, चला उतरा" असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी घरी जा.

पायरी ८ : बाहेर आल्यावर

साबणानं अंघोळ. मग कान : डोकं एकेका बाजूला कलतं करून, पाळी हलकेच ओढून पाणी निथळू द्या, टॉवेलच्या टोकानं बाहेरून टिपा. कापसाची काडी कानात अजिबात घालू नका. कानाच्या नळीची कातडी ओली राहिली आणि त्यात ओरखडा पडला की जंतूंचं फावतं. पाळी ओढल्यावर मूल कळवळलं तर तो बहुधा पोहणाऱ्यांचा कान, बाहेरच्या नळीचा संसर्ग; घरातले उरलेले थेंब न घालता डॉक्टरांना दाखवा. ज्या मुलाच्या पडद्याला छिद्र आहे त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात पाठवूच नये.

ओल्या फरशीवर रबरी चप्पल हवीच. चिखल्या आणि तळव्याची चामखीळ अनेकदा तिथून येतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. टॉवेल आणि गॉगल ज्याचा त्याचा. कॉस्च्यूम पिशवीत तसाच गुंडाळून दुसऱ्या दिवशी घालायला देऊ नका.

गच्चीतला टब, विहीर, शेततळं

फुगवायच्या प्लास्टिकच्या टबात क्लोरिन नसतो, फिल्टर नसतो. रोज नवं पाणी, रोज रिकामा करून घासायचा आणि उन्हात वाळवायचा, हाच एक नियम. अंदाजपंचे ब्लीचिंग पावडर टाकू नका, कातडी आणि डोळे भाजतात.

विहिरीबद्दल लिहिताना मला माझ्या वडिलांची आठवण येते. ते पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले, आणि आम्ही भावंडं डबा बांधून. तो आनंद मुलांना मिळावा असं मलाही वाटतं. पण जिथून गाव पाणी पितं त्या विहिरीत कुणीही उतरू नये, तिथे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडत असलं तरी. पाऊस सुरू झाला की वाहून आलेल्या पाण्यात उंदीर-गुरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायाच्या बारीकशा जखमेतूनही शिरतात; तेव्हा पावसाळ्यात ओढे, डबकी, गढूळ शेततळी नकोतच.

आणखी एका जंतूचं नाव पालकांना माहीत असावं : नेग्लेरिया फाउलेरी. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात आणि तळच्या गाळात राहणारा हा अमीबा. २०२४ मध्ये केरळात यानं मुलांचे बळी घेतले. हा पोटातून बाधत नाही. पाणी जोरात नाकात गेलं तर तिथून मेंदूत पोचतो. आजार फार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जीव घेतो. उन्हाळ्यात आटत आलेल्या, तापलेल्या तळ्यात उड्या मारणं, बुडी घेणं, तळचा गाळ ढवळणं टाळा; नाकाला चिमटा लावा किंवा डोकं पाण्यावर ठेवा. क्लोरिन नीट राखलेल्या तलावात तो टिकत नाही. तळ्याच्या पाण्यात पोहल्यावर १ ते १२ दिवसांत ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान ताठणं यांतलं काही दिसलं तर त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठा आणि पहिल्या वाक्यात सांगा की मूल तळ्यात पोहलं होतं. त्याच वर्षी केरळातला एक चौदा वर्षांचा मुलगा लवकर निदान आणि उपचार झाल्यानं वाचला.

मूल आजारी पडलंच तर

जुलाब सुरू झाले की प्रत्येक जुलाबानंतर जलसंजीवनी, घोट-घोट. पुडी एक लिटरची असेल तर एक लिटर पाण्यातच विरघळवा. अर्ध्या पेल्यात अर्धी पुडी असा अंदाज करू नका. जेवण, अंगावरचं दूध चालू ठेवा. झिंकचा डोस डॉक्टर वयाप्रमाणे सांगतील, आणि जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. जुलाब जागच्या जागी थांबवणाऱ्या मोठ्या माणसांच्या गोळ्या मुलांना देऊ नका. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, मूल मलूल पडलंय, शौचात रक्त आहे : यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा की मूल पोहायला गेलं होतं, कुठे आणि कधी. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम बहुधा शोधला जात नाही, तो मुद्दाम मागावा लागतो. आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी तो जात नाही, म्हणून घरात पडलेलं औषध सुरू करू नका. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसी राहिल्या असतील तर शिबिर सुरू होण्याआधीच बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या.

मग तलावाच्या व्यवस्थापकाला फोन करा. भांडायला नाही, कळवायला. तारीख सांगा, वेळ सांगा, कोणत्या तलावात होतात ते सांगा. आम्ही त्या वेळी रिसॉर्टला कळवलं, आणि आधी मुलाच्या वर्गशिक्षिकेला. घरच्या कॅलेंडरवर शेवटच्या जुलाबाच्या तारखेपासून चौदा चौकोनांवर पेन्सिलीनं फुल्या मारल्या. मुलगा रोज सकाळी उठून एक फुली पेनानं गडद करायचा. सोसायटीतले मित्र खाली पाण्यात ओरडत असायचे आणि हा गॅलरीतून बघायचा. पंधराव्या दिवशी सकाळी मी त्याला खाली घेऊन गेले, आणि शॉवरखाली उभा राहून तो मोठ्यानं साठपर्यंत आकडे मोजू लागला.